खेळाडूला दिसत नाही आणि पात्र व्हीलचेअरवर आहे: टेबलावर नेमकं काय बदलायचं

विचारणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: गट पाच जणांचा आहे आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. लवकरच एक नवी खेळाडू येणार आहे. तिला फारच कमी दिसतं आणि ती फोनवर स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरते. त्याच वेळी जुन्या खेळाडूंपैकी एकाला व्हीलचेअर वापरणारा फायटर, म्हणजे योद्धा पात्र, खेळायचा आहे. या फायटरच्या वेगातून आणि आर्मर क्लासमधून (त्याला फटका बसणं किती अवघड हे सांगणारा आकडा) किती वजा करावं? आणि जाता जाता, नकाशाचं काय करावं?

तुम्ही ज्याला ‘जाता जाता’ म्हणालात तोच खरा प्रश्न आहे. पात्राचे नियम चुकले तर चौथ्या सेशनला बदलता येतात. खेळाडूपर्यंत माहिती पोचली नाही, तर ती पहिल्याच संध्याकाळी नुसती बसून राहील आणि दुसऱ्यांदा येणार नाही. बहुतेक डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) पात्राच्या शरीराचा हिशेब करण्यात तासन्‌तास घालवतात, पण टेबलावर माहिती कशी फिरते याकडे त्यांचं लक्षच जात नाही. म्हणून मी नव्या खेळाडूपासून सुरुवात करते.

बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे. ‘कमी दिसतं’ यात खूप प्रकार येतात. कुणाला मधलं दिसत नाही पण कडेचं दिसतं, कुणाला फक्त मधला लहानसा गोल दिसतो, कुणाला उजेड-अंधार तेवढा कळतो. कुणी मोठ्या अक्षरात वाचतं, कुणाला ब्रेल येतं. दृष्टी उशिरा गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. त्यामुळे आधी विचारा, पण निदान विचारू नका, काम विचारा. मी कुठल्याही नव्या गटात सगळ्यांना एकच संदेश पाठवते: मजकूर कसा वाचायला सोयीचा पडतो, फासे कसे टाकायला आवडतील, किती वेळ सलग बसता येतं, आवाज किंवा उजेडाचा त्रास होतो का, आणि खेळात कुठला विषय नको. तो सगळ्यांना गेला की एकटीवर बोट रोखल्यासारखं होत नाही, आणि जुन्यांमधलाही कुणीतरी पहिल्यांदाच सांगतो की त्याला लाल आणि हिरव्या टोकनमधला फरक कळत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारापैकी एकाला रंगांधत्व असतं. म्हणून टोकन नुसत्या रंगावरून ओळखायला लावू नयेत, आकार किंवा आकडाही हवा.

आता कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचे आकडे आणि माहिती लिहिलेला कागद. नेहमीचं छापील शीट म्हणजे चौकटींची गर्दी. त्याची पीडीएफ स्क्रीन रीडरला दिली की ‘स्ट्रेंग्थ’ एकीकडे वाचलं जातं आणि त्याचा आकडा चार ओळींनंतर येतो. साधी मजकुराची फाइल करा. रकान्यांचं कोष्टक नको, दोन कॉलम नकोत. विभागांना खरी हेडिंग स्टाइल द्या, नुसतं ठळक अक्षर पुरत नाही, कारण स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती हेडिंगवरून हेडिंगवर उड्या मारत फाइल वाचते. विभागांचा क्रम वापराच्या वारंवारतेनुसार ठेवा: आधी लढाई, मग कौशल्यं, मग स्पेल (जादूचे मंत्र), सामान आणि पूर्वायुष्य सगळ्यात शेवटी. लढाईचा भाग असा दिसेल (हिट पॉइंट म्हणजे किती इजा सोसता येते, इनिशिएटिव्ह म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारा आकडा, डी८ म्हणजे आठ बाजूंचा फासा):

‘आर्मर क्लास १८. हिट पॉइंट १२. वेग ३० फूट. इनिशिएटिव्ह अधिक १. लॉंगसोर्ड: हल्ल्याला अधिक ५, इजा एक डी८ अधिक ३.’

इथे ‘अधिक’ अक्षरात लिहिलंय ते मुद्दाम, ‘उणे’ही तसंच लिहा. विरामचिन्हं कमी वाचायची सेटिंग असेल तर बरेच स्क्रीन रीडर वजाबाकीचं चिन्ह गिळतात आणि ‘उणे एक’चं ‘एक’ होतं. बेरजाही आधीच करून ठेवा, तिला ऐकता ऐकता जोडायला लावू नका.

हे शीट आखूड का हवं, याचं कारण डोळ्यांनी वाचणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही डीएमचं ऐकत ऐकत कागदावर नजर टाकू शकता. ती शीट कानानेच वाचते, म्हणजे त्या वेळात टेबलावरचं तिच्या कानावरून जातं. एका कानात इयरफोन घातला तरी दोन आवाज एकमेकांवर आदळतातच. म्हणून तिची पाळी येण्याआधी एक पाळी ‘याच्यानंतर तू’ असं सांगा, म्हणजे शीट कधी ऐकायचं ते तिला ठरवता येईल. आणि ती ऐकत असताना टेबलावर नवीन काही घडवू नका. स्पेल टाकणाऱ्या पात्राच्या शीटवर जास्त काम करावं लागतं: प्रत्येक स्पेल वेगळ्या हेडिंगखाली, पहिल्या वाक्यात अंतर आणि कालावधी, दुसऱ्यात परिणाम. पण एवढ्यावरून ‘तू फायटरच घे, सोपं पडेल’ असं सुचवू नका. तिला विझार्ड (जादूगार) हवा असेल तर दोघांनी बसून शीट करा.

ती मोठं छापील वाचत असेल तर किमान १८ पॉइंटपासून सुरू करा आणि तिच्याकडून पक्कं करून घ्या. ॲटकिन्सन हायपरलेजिबल हा फॉन्ट ब्रेल इन्स्टिट्यूटने अल्पदृष्टी वाचकांसाठीच काढला आणि तो मोफत मिळतो. जुनाट चर्मपत्रासारखी पार्श्वभूमी हँडआउटवरून, म्हणजे खेळाडूंना वाचायला दिलेल्या कागदांवरून, काढून टाका. वेबच्या सुगम्यता मानकांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असं कॉन्ट्रास्टचं प्रमाण धरतात, तपकिरीवर तपकिरी अक्षरं त्याच्या जवळपासही जात नाहीत. कागद चकचकीत नको, दिवा बाजूने हवा.

फाशांबाबत तीन पर्याय आहेत. थोडं दिसत असेल तर एकरंगी, मॅट, मोठे आणि ठसठशीत अंकांचे फासे घ्या. चमकी घातलेले, पारदर्शक, संगमरवरी नक्षीचे फासे बाद. ब्रेल येत असेल तर डॉट्स आरपीजी प्रोजेक्टने थ्रीडी प्रिंट करता येणारे ब्रेल फासे उपलब्ध करून दिले आहेत. २० बाजूंच्या फाशावर ब्रेल मावायचं तर तो नेहमीपेक्षा मोठाच लागतो. इथे अडचण अशी येते की वरची बाजू बोटाने चाचपताना फासा कलंडतो. मऊ फेल्ट लावलेला उथळ ट्रे दिला की तो जागेवर बसतो आणि टेबलाखालीही जात नाही. तिसरा पर्याय म्हणजे फोनवर फासे टाकून आकडा बोलून दाखवणारं ॲप. पर्याय कुठलाही असो, आकडा आधी तिला कळला पाहिजे. शेजारच्याने फाशावर झडप घालून ‘अरे, वीस!’ ओरडणं म्हणजे तिचा क्षण हिरावून घेणं. शेजारच्याने वाचून सांगावं असं तिलाच वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

आता नकाशा. ‘आम्ही सगळं कल्पनेतच खेळू’ हा सल्ला तुम्हाला लगेच मिळेल. तो चांगला आहे, पण अर्धाच. होतं असं की डीएमच्या डोक्यात नेमका नकाशा असतो, दिसणारे खेळाडू कागदावर रेघोट्या मारतात, आणि न दिसणाऱ्या खेळाडूला तेवढं सोडून बाकी सगळं मिळतं. नकाशा टेबलावर असो वा नसो, वर्णनाचा क्रम पक्का करा आणि तोच कायम ठेवा: जागेचा आकार, तुम्ही कुठे, बाहेर जायच्या वाटा, मग जवळच्यापासून लांबच्यापर्यंत माणसं, शेवटी अडथळे. उदाहरणार्थ:

‘खोली लांबट आहे, उत्तर-दक्षिण ६० फूट, रुंदी ३० फूट. तुम्ही दक्षिणेच्या दारात. दुसरं दार उत्तरेला, बंद. सगळ्यात जवळचा गोब्लिन पूर्वेच्या भिंतीला टेकून, तुमच्यापासून २० फूट. दुसरा उत्तरेच्या दारापाशी, धनुष्य घेऊन. मधोमध विहीर, तिच्यामागे एका माणसाला लपता येईल.’

दिशा उत्तर-दक्षिणेत सांगा किंवा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगा, पण एकच पद्धत धरा. ‘हा इथून तिकडे गेला’ ही वाक्यं टेबलावरून हद्दपार करा. ‘तिसरा गोब्लिन विहिरीपाशी आला’ असं बोलायची सवय डीएमएवढीच बाकीच्या चौघांनाही लागायला हवी. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला दोन-तीन वाक्यांत कोण कुठे आहे ते सांगा. याला वीस सेकंदही लागत नाहीत, आणि दिसणाऱ्यांचेही ‘थांब, तो मेला ना?’ हे प्रश्न कमी होतात.

फुटांचा हिशेब जड वाटत असेल तर जागेचे तीन-चार विभाग पाडा: दार, विहीर, गच्ची, जिना. फेट या गेमच्या लढाया अशाच विभागांवर चालतात. पाचव्या आवृत्तीत एक विभाग म्हणजे साधारण ३० फूट धरला, तर एका चालीत एक विभाग ओलांडता येतो आणि बहुतेक नियम तसेच राहतात. फटका बसतो तो नेमक्या अंतरावर जगणाऱ्या गोष्टींना: लांब भाल्याची १० फुटांची पोच, २० फूट त्रिज्येचा फायरबॉल. त्यासाठी ‘एका विभागातले किती जण सापडतील’ एवढं आधी ठरवून ठेवा.

तिला बोटाने नकाशा पाहायचा असेल तर स्पर्शाचा नकाशा करा. फोम बोर्ड किंवा कॉर्कचा तक्ता घ्या, भिंती जाड दोऱ्याच्या किंवा सुकल्यावर उंच राहणाऱ्या गोंदाच्या. मिनिएचर म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्तींसाठीचा एक इंचाचा, म्हणजे २५ मिलिमीटरचा चौकोन बोटांना अपुरा पडतो. ५० मिलिमीटरचा करा. तक्ता हाताच्या टप्प्यात राहावा म्हणून ४५ बाय ६० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नका, म्हणजे ९ बाय १२ चौकोन मिळतात, एका खोलीला पुष्कळ झाले. सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते इथे: बोट फिरलं की उभ्या मूर्ती आडव्या होतात, आणि मग ती घाबरून हातच लावत नाही. टोकन वेल्क्रोने, टाचणीने किंवा लोहचुंबकाने चिकटलेलेच हवेत. आपले गोल, शत्रू चौकोनी, आणि शत्रूचा क्रमांक कडेवरच्या खाचा मोजून. एवढं पुरतं.

हँडआउटचा मजकूर त्याच क्षणी तिच्या फोनवर पाठवा. आरशातली अक्षरं, रंगांची कुलुपं, चित्रलिपी असली कोडी तिला इतरांच्या तोंडून सोडवावी लागतात, म्हणजे ती सोडवतच नाही. त्याऐवजी आवाज, क्रम, वजन, वास किंवा स्पर्श यांवर कोडं बांधा. मान हलवून होकार देणारा खेळाडू तिच्यासाठी गप्पच असतो, तेव्हा सगळ्यांनी तोंडाने बोलावं आणि निदान सुरुवातीला बोलण्याआधी पात्राचं नाव घ्यावं. ऑनलाइन खेळत असाल तर नकाशाभोवती बांधलेला प्लॅटफॉर्म स्क्रीन रीडरशी कसा वागतो हे सेशनच्या आधी तिच्यासोबत तपासा. अडत असेल तर मजकुराचा चॅनेल मुख्य आणि नकाशा जोडीला, असं उलटं करा.

बाकीच्या गरजांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, त्यामुळे थोडक्यात. ऐकायला कमी येत असेल तर पार्श्वसंगीत बंद, एका वेळी एकच जण, आणि डीएमने पुठ्ठ्याच्या स्क्रीनमागे तोंड लपवू नये, कारण ओठ दिसणं गरजेचं असतं. उजेड चेहऱ्यावर हवा, पाठीमागे खिडकी नको. वेदना किंवा थकवा असेल तर सेशन तीन तासांचं आणि तासाला दहा मिनिटांची सुट्टी, तीही मागावी न लागता. व्हीलचेअर वापरणाऱ्या खेळाडूसाठी दार, टेबलाखालची जागा आणि स्वच्छतागृह हे तिन्ही बघा. अमेरिकेच्या एडीए या अपंग हक्क कायद्याच्या मानकांत दाराची मोकळी रुंदी ३२ इंच आणि गुडघ्यांसाठी टेबलाखाली २७ इंच उंची मागितली आहे, मोजपट्टी लावायला हे आकडे उपयोगी पडतात. आणि जॉन स्टाव्हरोपोलोस यांचं एक्स-कार्ड वापरत असाल, म्हणजे नकोसा विषय आला की ज्या कार्डाला हात लावून तो थांबवता येतो ते, तर त्याला एक बोलायचा शब्दही जोडा. टेबलाच्या मधोमध ठेवलेलं कार्ड तुमच्या नव्या खेळाडूला दिसणार नाही.

आता फायटरकडे. वेगातून आणि आर्मर क्लासमधून किती वजा करायचं? शून्य.

पाचवी आवृत्ती शरीराचं अनुकरण करतच नाही. एक हिट पॉइंट उरलेला फायटर पूर्ण हिट पॉइंटवाल्याइतक्याच जोमाने तलवार चालवतो. एक लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) झाली की सगळे हिट पॉइंट परत येतात. एवढं सगळं सोडून देणारा नियम फक्त व्हीलचेअरपाशी येऊन काटेकोर होतो, तेव्हा टेबलावर बसलेल्यांना एकच गोष्ट ऐकू येते: हे पात्र कमी प्रतीचं आहे.

दुसरं कारण गेमच्या रचनेत आहे. गर्प्स या अशाच दुसऱ्या खेळाच्या चौथ्या आवृत्तीत अंधत्वाचे उणे ५० गुण आहेत, म्हणजे ते घेतलं की खेळाडूला तेवढे गुण दुसरीकडे खर्च करता येतात. फेटमध्ये पात्राच्या आस्पेक्टमुळे (त्याची ओळख सांगणाऱ्या छोट्या वाक्यामुळे) अडचण आली आणि खेळाडूने ती स्वीकारली की फेट पॉइंट मिळतो. दोन्हीकडे तोट्याची भरपाई आहे. (गुण देण्याच्या पद्धतीचाही एक दोष आहे. काही जण गुणांसाठी अपंगत्व ‘विकत’ घेतात आणि खेळताना विसरून जातात.) पाचव्या आवृत्तीत अशी ठरलेली भरपाई नाही. तिथे लावलेली वजाबाकी नुसता तोटा असतो, तोही दर पाळीला.

तयार साहित्य हवं असेल तर सारा थॉम्पसन यांनी २०२० मध्ये पाचव्या आवृत्तीसाठी कॉम्बॅट व्हीलचेअर, म्हणजे लढाईसाठीच्या खुर्चीचे नियम, मोफत दिले. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या ‘द ग्रँड बझार’ या २०२१ च्या पुस्तकात व्हीलचेअर आणि कृत्रिम अवयव नेहमीच्या सामानाच्या यादीत आहेत. त्याच वर्षीच्या ‘कँडलकीप मिस्ट्रीज’ या पाचव्या आवृत्तीच्या साहससंग्रहात जेनिफर क्रेचमर यांनी लिहिलेलं साहस व्हीलचेअरने पार करता येईल असं आखलेलं आहे. मला पाथफाइंडरची वाट जास्त पटते: खुर्ची ही बूट किंवा खोगिरासारखी गोष्ट, तिच्यात तोफ असलीच पाहिजे असं नाही. तुमच्या खेळाडूला तोफ हवीच असेल तर हरकत कसली?

त्याच्याशी बसून चार गोष्टी ठरवा. खुर्ची कुणी बनवली आणि दुरुस्ती कोण करतं. पायऱ्या तो कसा चढतो: जादू, यंत्र, हातांच्या जोरावर, की साथीदार. चिखल, वाळू, बर्फ इथे काही वेगळं घडावं असं त्याला वाटतं का. आणि खुर्ची मोडणं किंवा चोरीला जाणं चालेल का. या शेवटच्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं, आणि ते पाळायचं. खुर्ची पळवून ताण निर्माण करणं सोपं असतं, पण त्यातून खेळाडूच्या हातात करण्यासारखं काहीच उरत नाही.

‘पण अंधारकोठडीत रॅम्प कुठून येणार?’ हा आक्षेप येईलच. ती वास्तू बांधली कुणी आणि कशासाठी, ते बघा. खाणीत गाड्या ढकलाव्या लागतात, तिथे उतारच असतो. कोठारात पिंपं गडगडत नेतात. बंदराला उचलयंत्र असतं. देवळात म्हातारे आणि आजारी येतात, नवस बोलायला तर तेच जास्त येतात. ड्रॅगन जिथून आत शिरतो तिथून खुर्चीही जाते. अरुंद गोल जिना हा एखाद्या बुरुजापुरता खरा, सगळीकडे तोच दिसायला लागला तर ती नकाशा काढणाऱ्याची सवय आहे.

पुढे कुणी अंध पात्र मागितलं तर नियमातली ‘ब्लाइंडेड’ अवस्था त्याला कायमची लावू नका. डोळ्यांत वाळू गेलेल्या माणसासाठी ती ठीक आहे, आयुष्यभर न बघता वावरलेल्यासाठी नाही. ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ (२०२०) या नियमपुस्तकातली ब्लाइंड फायटिंग शैली १० फुटांपर्यंत ब्लाइंडसाइट, म्हणजे डोळ्यांशिवाय आसपासचं जाणवण्याची क्षमता, देते, ती चांगली सुरुवात आहे. अडतं ते स्पेलपाशी, कारण कित्येक स्पेलमध्ये ‘तुम्हाला दिसणारा प्राणी’ अशी अट असते. तिथे ‘ज्याची जागा तुम्हाला नक्की माहीत आहे’ असं वाचायचं हे आधीच ठरवा. मात्र जादूने सगळंच दिसायला लावलं तर पात्र नावालाच अंध उरतं. रंग, लिखाण, लांबचा बाण या गोष्टी त्याच्या हाताबाहेर राहू द्या आणि त्यावरचे उपाय खेळाडूला शोधू द्या.

‘जादूने बरं का होत नाही?’ लेसर रेस्टोरेशन दुसऱ्या पातळीवर ब्लाइंडेड अवस्था काढतं, रीजनरेट सातव्या पातळीवर तुटलेले अवयव परत आणतं. ही जादू झालेली इजा मागे फिरवते. पात्र जन्मतः तसंच असेल तर मागे फिरवायला काही नाही. आणि इजा असली तरी ती भरून काढायची की नाही हे खेळाडू ठरवेल. कुठल्याही पुजाऱ्याने न विचारता उपचार देऊ करू नये.

फायटर खेळणारा स्वतः व्हीलचेअर वापरतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. वापरत असेल तर त्याचा शब्द शेवटचा. वापरत नसेल तर त्याने वापरणाऱ्यांनी लिहिलेलं आधी वाचावं, आणि कडवट झालेला खलनायक किंवा सगळ्यांना धीर देणारा संत या दोन साच्यांपासून लांब राहावं. तुमच्या जगात अपंग माणसं इतरही असू द्या: खुणांनी बोलणारी लोहारीण, एका हाताचा कर संकलक. मग एकट्या फायटरवर सगळा भार येत नाही. मुख्य म्हणजे हे सगळं ‘बरोबर आहे ना?’ असं नव्या खेळाडूला विचारू नका. तिचं अपंगत्व वेगळं आहे आणि ती खेळायला येतेय. तिचं पात्र अंध असेल असंही गृहीत धरू नका. तिला गरुडाच्या नजरेची तिरंदाज खेळायची असेल.

पहिल्या सेशनला लढाई एकच ठेवा, शत्रू तीन-चारच, जागा एक खोली. दुसऱ्या दिवशी तिला संदेशावर विचारा की कुठे धागा सुटला आणि कुठलं वर्णन जास्त झालं. उत्तर आलं की शीट आणि वर्णनाचा क्रम दुसऱ्या सेशनच्या आधी बदला, आणि काय बदललं ते गटाला सांगून ठेवा.